नोकरी गेल्याचा पुरावा कोण देणार?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद यांस,



लोह्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. १९४८ पूर्वी, निजामाच्या राज्यात, आमच्या भागातल्या माणसाला वर दाद मागायची तर ती हैदराबादलाच मागावी लागे. आपले प्राधिकरण तिथे बसते, त्यामुळे विम्याची दाद मागायला आज माझाही अर्ज तिकडेच निघाला आहे. आमचे आजोबा रयत होते. मी नागरिक आहे, आणि ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे तिचे पैसे मी आगाऊ मोजलेले आहेत. म्हणून आपल्याकडून उत्तर मागण्याचा हक्क मला आहे, असे मी मानतो.

अकरा वर्षे मी चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होतो. वाहनांचे सुटे भाग बनायचे. जून २०२२ मध्ये लोह्यात वडिलांच्या प्लॉटवर घर बांधण्यासाठी एका गृहवित्त संस्थेच्या नांदेड शाखेतून अठरा लाखांचे कर्ज घेतले. वीस वर्षांची मुदत, नऊ टक्के व्याज. सहीच्या दिवशी जी फाइल समोर आली तिच्यात सहीच्या प्रत्येक जागी पेन्सिलने आधीच फुल्या मारलेल्या होत्या. “फुली दिसेल तिथं सही करा,” एवढेच सांगितले गेले. मी चाळीसेक सह्या केल्या. बायको सहकर्जदार, तिनेही केल्या. एका पानावर ६२,००० चा आकडा दिसला म्हणून मी थांबलो. “तो विमा आहे, जॉब लॉस कव्हर. नोकरी गेली तर कंपनी तुमचे हप्ते भरते. त्याच्याशिवाय फाइल वर जात नाही.”

कर्जासाठी विम्याची सक्ती करता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक होते. नियमच आपले आहेत. रिझर्व्ह बँकेलाही ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांच्या परिषदेत केंद्रीय अर्थमंत्र्यांनीच बँकांना सुनावले, की चुकीच्या पद्धतीने विमा गळ्यात मारल्याने लोकांना कर्ज महाग पडते. म्हणजे दिल्लीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मग नांदेडच्या त्या टेबलावर, ज्याला ते कळणे सर्वांत गरजेचे होते, त्याच माणसाला ते कोणी का सांगितले नाही? सांगितले गेले की नाही, हे बघायला आपले कोण तिथे जाते?

त्या ६२,००० चा हिशेब मी नंतर वहीत मांडला. ही रक्कम माझ्याकडून रोख घेतली नाही, कर्जातच मिळवली. त्यामुळे १६,१९५ चा हप्ता १६,७५३ झाला. महिन्याला ५५८ रुपये जास्त. सहीच्या दिवशीच्या दराने वीस वर्षांत हे सुमारे १ लाख ३४ हजार होतात. आणि विम्याची मुदत किती? पाच वर्षे. संरक्षण जून २०२७ मध्ये संपेल आणि त्याचे पैसे मी २०४२ पर्यंत व्याजासह भरत राहीन. त्या पॉलिसीत अपघात आणि गंभीर आजारही आहेत, हे मी लपवत नाही. पण मला ती विकली गेली नोकरीच्या नावाने, आणि नोकरीच्या भागात सगळे सुरळीत होऊन क्लेम मंजूर झाला असता तरी जास्तीत जास्त तीन हप्ते मिळाले असते. ५०,२५९ रुपये. तेही पाच वर्षांत एकदाच.

आमच्या तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, बैल विकायला येतात. घोडा घेणारा माणूस त्याचा जबडा उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, दोन फेऱ्या मारून चाल बघतो, आणि विकणाराही ते बघू देतो. नांदेडच्या त्या ऑफिसात मात्र सही आधी झाली आणि माल नंतर दिसला. पॉलिसीचा कागद काही आठवड्यांनी ईमेलवर आला. एकोणीस पाने, सगळी इंग्रजीत. पॉलिसी परत करायला तेव्हा पंधरा दिवस होते, आता आपण ते तीस केले आहेत. ज्याला मेल उघडून आत काय लिहिले आहे हेच कळत नाही, त्याला पंधराचे तीस करून काय मिळाले?

आता नोकरी गेली त्या दिवसाबद्दल.

मार्च २०२५ मध्ये आमच्या लाइनवरच्या नऊ जणांना एकेक करून एचआरच्या खोलीत बोलावले. ऑर्डर कमी झाल्या, हे कारण. टेबलावर राजीनामा टाइप करून तयार होता, “वैयक्तिक कारणास्तव”. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे प्रमाणपत्र. नाही केली तर पुढे कुठे चौकशी झाली की काय सांगितले जाईल त्याची हमी नाही. माझ्या आडनावात एक अक्षर चुकलेले होते. “ते नीट करून घ्या, नाहीतर पीएफला अडचण येते,” समोरचा माणूस म्हणाला. मी पेनाने ते अक्षर दुरुस्त केले, शेजारी छोटी सही केली, मग खाली मोठी सही केली. पुढे ज्या कागदाने माझा क्लेम बुडाला, तो मी माझ्याच हाताने बिनचूक करून दिला.

क्लेमच्या फॉर्मसोबत मागितले होते ते मालकाचे पत्र: या कर्मचाऱ्याला कपातीमुळे कामावरून काढले, असे लिहिलेले. ते माझ्याकडे नव्हते. नऊ जणांपैकी कोणाकडेच नव्हते. मी राजीनाम्याची प्रत जोडली, बंद झालेल्या पगाराचे बँकेचे उतारे जोडले, पीएफचे पासबुक जोडले. विमा कंपनीचे उत्तर तीन ओळींचे आले. स्वेच्छेने दिलेला राजीनामा पॉलिसीत बसत नाही, क्लेम नामंजूर. वडिलांनी विचारले, काय लिहिलंय? मी मराठीत सांगितले, “मी नोकरी माझ्या मनानं सोडली, असं म्हणतात.” ते काही बोलले नाहीत. घराला गिलावा करताना त्यांनी स्वतः वाळू चाळली होती.

महोदय, माझी मुख्य तक्रार इथे आहे, आणि ती त्या एका विमा कंपनीपुरती नाही. कंपनी आपल्या कागदाप्रमाणे वागली. तक्रार त्या कागदाविरुद्ध आहे, आणि असे कागद बाजारात चालू देणारे आपण आहात.

या देशात खासगी नोकरी कशी जाते, हे आपल्याला ठाऊक नाही असे मी मानूच शकत नाही. कामगार कपात करायची तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागे. कारखान्यात शंभर किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागे. हे टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे राजीनामा लिहून घेणे. चाकणपासून हैदराबादच्या हायटेक सिटीपर्यंत हीच रीत आहे. म्हणजे मालक ज्या प्रकारची कपात कागदावर येऊ देत नाहीत, नेमक्या त्याच प्रकारच्या कपातीचा विमा आम्हाला विकला जातो. राजीनामा वगळलेला, कामगिरीचे कारण दाखवून काढले तर वगळलेले, प्रोबेशनवरचा वगळलेला, कंत्राटी वगळलेला, स्वतःचा धंदा करणारा तर आधीपासूनच बाहेर. एवढे सगळे वगळल्यावर आत उरले कोण?

सार्वजनिक उदाहरणे आपल्यासमोर आहेत. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमाने थांबली. हजारो लोकांचे पगार थकले, पण काढून टाकल्याचे पत्र त्या दिवशी त्यांच्या हातात नव्हते. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना नोटीस मिळाली ती ‘ले-ऑफ’ची. कायद्याच्या भाषेत ले-ऑफ म्हणजे कपात नव्हे; नाव हजेरीपटावर राहते, काम आणि पूर्ण पगार नसतो. तिथे निदान संघटना होती, वर्तमानपत्रात बातम्या आल्या. आमच्या नऊ जणांची बातमी कोण देणार? घराचा हप्ता मात्र तिन्ही ठिकाणच्या लोकांना सारखाच येतो. पगार थांबला की हप्ता भरता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. विम्याने ज्या घटनेपासून राखायचे ती घटना म्हणजे पगार थांबणे. मालकाने कोणता शब्द वापरला, हा तपशील त्या घटनेपेक्षा मोठा कसा झाला?

पुढे तर हे आणखी अवघड होणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला रीतसर जागा मिळाली आणि अशी मुदत संपून काम गेले तर ती कपात नव्हे, असेही त्यात स्पष्ट आहे. परवानगीची मर्यादाही शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. आजची बावीस-पंचवीस वर्षांची मुले याच नेमणुकांवर लागणार, आणि उद्या हीच मुले घरासाठी कर्ज काढणार. त्यांच्या फाइलमध्येही हाच जॉब लॉस कव्हर जाणार का? जाणार असेल तर त्याचा त्यांना कोणत्या दिवशी, कोणत्या प्रसंगी उपयोग होईल, ते आपण एकदा लिहून सांगाल का?

कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत की. आहेत. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, बेकारीत नव्वद दिवस मदत देते. पण महामंडळाची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० वर थांबली आहे. माझा पगार ३१,००० होता. एकवीस हजारांच्या आत कमावणाऱ्याला अठरा लाखांचे कर्ज कोणी देत नाही, आणि ज्याला कर्ज मिळते तो त्या योजनेच्या बाहेर असतो. मधल्या या माणसासाठी खासगी विम्याशिवाय दुसरे काही नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणूनच त्या विम्याचा कागद पोकळ असणे हा मला किरकोळ दोष वाटत नाही.

माझ्यावर पुढे काय गुदरले ते थोडक्यात सांगतो. पीएफ काढून पाच हप्ते भरले. नंतर बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. आता मी लोह्याच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो, बारा हजारांवर. हप्ता त्याहून मोठा आहे. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लागते, पुढे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. ही सगळी मुदत दिवसांत मोजलेली आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही. कर्ज देणाऱ्याचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून कायद्याने दिवस न् दिवस मोजला. कर्ज घेणाऱ्यासाठी तेवढ्याच काटेकोरपणे कोणी काही मोजले आहे का?

विमा लोकपालाकडे जा, असे आपण म्हणाल. तो मार्ग मला माहीत आहे. आमच्यासाठी तो पुण्याला आहे आणि तिथे फी लागत नाही, हेही माहीत आहे. मी जाणारही आहे. पण लोकपाल पॉलिसीत जे लिहिले आहे त्यावर न्याय करणार, आणि पॉलिसीत काय लिहायचे यावर लक्ष ठेवण्याचे काम आपले. जून २०२२ मध्ये, म्हणजे नेमक्या ज्या महिन्यात मी त्या फुल्यांवर सह्या करत होतो, आपण आरोग्य आणि साधारण विम्याच्या बहुतेक योजना आधी मंजुरी न घेता बाजारात आणायची मुभा कंपन्यांना दिली. नवनव्या योजना लवकर लोकांपर्यंत पोहोचाव्यात, हा हेतू आपण सांगितला होता. योजना लोकांपर्यंत पोहोचल्या. त्या संकटाच्या दिवशी उपयोगी पडतात की नाही, हे बघण्याचे काम त्यानंतर आपण कोणावर सोपवले?

ब्रिटनमध्ये काय घडले ते आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तिथेही कर्जासोबत असाच हप्त्यांचा विमा वर्षानुवर्षे विकला गेला. ज्यांना क्लेम करताच येणार नव्हता अशा स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही विकला, कित्येकांना तर आपण तो घेतला हेच माहीत नव्हते. २०११ मध्ये बँका न्यायालयात हरल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अर्जांची मुदत संपेपर्यंतच्या तक्रारींपोटी त्यांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम ग्राहकांना परत द्यावी लागली. आणि तिथल्या यंत्रणेने एक साधा नियम केला: कर्ज देताना त्याच बैठकीत हा विमा विकायचा नाही, मध्ये सात दिवस गेले पाहिजेत. सात दिवसांत माणूस घरी जातो, कोणाला तरी कागद वाचायला देतो, आपली नोकरी यात बसते का हे विचारतो. हा नियम इथे करायला आपल्याला कायदा बदलावा लागेल का? की नुसते परिपत्रक पुरेल?

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या कर्जांना रिझर्व्ह बँकेने ठळक माहितीचा कागद सक्तीचा केला आणि कर्जासोबत वसूल केलेला विम्याचा खर्चही वार्षिक दरात दाखवायला लावला. चांगले झाले. आपणही सोप्या भाषेतले माहितीपत्रक आणले, ग्राहकाने मागितले तर स्थानिक भाषेत. ‘मागितले तर’ हे दोन शब्द काढून टाका, एवढीच विनंती आहे. कागदात काय आहे हे ज्याला माहीत नाही, तो दुसऱ्या भाषेतला कागद मागणार कशाच्या जोरावर? नांदेडच्या शाखेत मराठीत बोलून विकलेली वस्तू मराठीत लिहून द्यायला काय अडचण आहे?

२०४७ पर्यंत सर्वांसाठी विमा, असे आपल्या प्राधिकरणाने जाहीर केले आहे. आमच्या गावात या वाक्याकडे लोक कसे बघतात, ते आपल्याला कळावे म्हणून सांगतो. इथे विमा म्हटले की आधी पीक विमा आठवतो. २०२३ च्या खरिपात तो एक रुपयात आला. २०२५ च्या खरिपाला एक रुपया गेला आणि त्याच्यासोबत स्थानिक आपत्तीची भरपाईही गेली, उरली ती फक्त पीक कापणी प्रयोगावर ठरणारी भरपाई. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यात सोयाबीन पाण्यात उभे राहिले. तो निर्णय आपला नव्हता, राज्याचा होता. पण शेतकऱ्याच्या पोरासाठी तो एकच शब्द आहे. शेतात त्याला विमा मिळाला नाही म्हणून तो चाकणला गेला, आणि चाकणहून परत आला तेव्हाही त्याला तेच ऐकायला मिळाले: तुमची घटना यात बसत नाही. २०४७ ला त्याच्या नावावर पॉलिसी असेलही. ती पॉलिसी पैसे देईल का, हे आकडे आपण आज तरी लोकांसमोर ठेवा. गेल्या पाच वर्षांत देशभर किती कर्जदारांना जॉब लॉस कव्हर विकले? त्यापोटी किती हप्ता जमा झाला? किती क्लेम आले, किती मंजूर झाले, किती ‘स्वेच्छेने राजीनामा’ म्हणून परत गेले? हे पाच आकडे प्रत्येक कंपनीकडे आहेत. आपण मागितले तर महिन्याभरात आपल्या टेबलावर येतील.

आणि नोकरी गेल्याचा पुरावा म्हणून मालकाच्या पत्रावर अडून राहणे थांबवा. पीएफचे योगदान कोणत्या महिन्यात थांबले, पगार कोणत्या तारखेपासून खात्यात आला नाही, नवीन योगदान कुठे सुरू झाले का, हे सगळे सरकारी आणि बँकेच्या नोंदीत दिसते. खरोखर मनाने नोकरी सोडणारा माणूस आणि खोलीत बोलावून सही घेतलेला माणूस यांत फरक करणे अवघड आहे, हे मला मान्य. पण एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून, एकाच मजकुराचे नऊ राजीनामे निघाले तर ते स्वेच्छेचे नाहीत, हे ओळखायला किती अवघड आहे?

माझा क्लेम आपण मंजूर करावा, असे मी मागत नाही. ते आपल्या अधिकारात नाही, मला कळते. माझा मावसभाऊ रांजणगावला एका कंपनीत आहे, तीन वर्षांच्या मुदतीच्या नेमणुकीवर. त्याचे घराचे कर्ज मंजूर झाले आहे आणि येत्या सोमवारी तो सह्या करायला नांदेडला येतो आहे. काल फोनवर त्याने विचारले, “दादा, विम्याचा एक कागद आहे म्हणतात, नोकरी गेली तर हप्ते भरतात. घेऊ का?” मी त्याला उत्तर दिलेले नाही. ते आपण द्यावे, आणि त्याच्या फाइलवर पेन्सिलच्या फुल्या पडायच्या आत द्यावे.

आपला,
लोहा, जि. नांदेड येथील एक कर्जदार